आपलं उजवं

मुरलीधर खटावकर पहिल्यांदाच बरोबर बोलले आणि गाडी दरीत गेली.

पडद्यावर आंबेनळी घाट होता. धुकं इतकं दाट की बॉनेटपुढचं काही दिसत नव्हतं. "पुढं उजवं, जरा आवळून घे," मुरलीधरांचा आवाज म्हणाला आणि ज्योत्स्नाबाईंनी सवयीनं गाडी डावीकडे घातली. कठडा फुटला, हातातला कंट्रोलर थरथरला, गाडी कोलांट्या खात धुक्यात नाहीशी झाली. पडद्यावर अक्षरं उमटली : पुन्हा सुरुवात करायची?

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. त्याच वळणाला पुन्हा दरी. तिसऱ्या खेपेला त्यांनी वेग कमी ठेवला आणि नुसतं ऐकलं. आवाज मुरलीधरांचाच होता, तोच घोगरा, वाक्याच्या शेवटी पायरी उतरल्यासारखा खाली येणारा. पण उजव्या वळणाला तो "उजवं" म्हणत होता आणि डाव्याला "डावं".

ज्योत्स्नाबाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. मुरलीधर जाऊन तीन वर्षं झाली होती. आख्ख्या संसारात त्यांनी उजव्याला उजवं म्हटलेलं बाईंना आठवत नव्हतं.

त्यामागे साधं कारण होतं. लहान मुलाला उजवं-डावं शिकवतात ते एकाच खुणेनं : जेवायचा हात तो उजवा. मुरलीधर डावखुरे. आईनं त्यांना कधी टोकलं नाही, ते डाव्या हातानं जेवले आणि जेवायचा हात तो उजवा हे मनोभावे पाठ केलं. पुढे शाळेत मास्तरांनी छड्या मारून दुरुस्ती केली, पण तोवर शब्द जिभेवर पक्का बसला होता. कागदावर विचारलं तर ते बरोबर सांगत. घाईत तोंडातून निघे ते उलटंच. पोवई नाक्याजवळच्या 'खटावकर टेलर्स'मध्ये कापड बेतताना मात्र त्यांची कधी चूक झाली नाही, कारण तिथे बोलायचं काम नव्हतं. डावखुऱ्यांसाठी बनवलेली एक जड कात्री त्यांनी खास मागवली होती. ती दुसऱ्या कुणाच्या हातात चालत नसे. उजव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकत आणि कापड नुसतं दुमडे.

एका डोळ्यानं कमी दिसायचं म्हणून मुरलीधरांना लायसन्स मिळालं नाही. स्कूटर बाई चालवत, ते मागे बसून रस्ता सांगत. लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्यावरून भांडण्यातच गेलं.

"अहो, डावीकडं म्हणालात म्हणून वळले ना मी!"

"अगं, पण माझा हात बघायचा की. हात कुठं होता?"

"तुमचा हात माझ्या पाठीमागं. मला काय पाठीला डोळे आहेत?"

शेवटी बाईंनी नाद सोडला आणि ते म्हणतील त्याच्या उलट वळायला सुरुवात केली. घरात दोन भाषा झाल्या. "आपलं उजवं" म्हणजे डावं, आणि "जगाचं उजवं" म्हणजे उजवं. केतकी, त्यांची मुलगी, शाळेत असताना या प्रकाराला हसून लोळायची.

तिसरा शब्द आला तो आंबेनळी घाटात. महाडला एका लग्नाला निघाले होते. एका आंधळ्या वळणावर दुधाचा टँकर रस्त्याच्या मधोमध समोर आला. मागून मुरलीधर ओरडले, "डावं! खरं डावं!" नुसतं डावं म्हणाले असते तर बाई सवयीनं उजवीकडे, म्हणजे टँकरखाली गेल्या असत्या. त्या 'खरं'नं स्कूटर डोंगराच्या बाजूला घासत थांबली. दोघंही बराच वेळ गटारात पाय सोडून बसले होते. तेव्हापासून 'खरं' हा शब्द त्यांनी जपून ठेवला. मस्करीतही तो घरात कुणी वापरला नाही, केतकीनंसुद्धा.

*

पुढे मुरलीधरांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, बाकी वेळ घर. केतकीनं बंगळुरूहून गेमचा कन्सोल आणून दिला, आणि गेम कोणता, तर सह्याद्रीतले घाट, जसेच्या तसे. दोघांनी खेळायचा. एकाला समोर धुकं दिसणार आणि दुसऱ्याच्या हातात नकाशा. चालवणाऱ्याला नकाशा दिसत नाही, नकाशावाल्याला स्टिअरिंग नाही.

"आपल्याच घरात येऊन कुणी बघून गेलं की काय?" मुरलीधर म्हणाले होते.

त्या गेममध्ये एक सोय होती. नकाशावाला जे बोलेल ते त्या फेरीबरोबर साठवलं जाई. पुढे कधी एकट्यानं खेळायचं झालं तर जुन्या फेरीतला जोडीदार सोबतीला घेता येई. मुरलीधर असेपर्यंत बाईंना त्या सोयीकडे बघायची गरज पडली नव्हती.

ते गेल्यावर पडली. रोज दुपारी भांडी आवरून त्या पडद्यासमोर बसत. वरंध, आंबेनळी, यवतेश्वर. मुरलीधर "पुढं डावं" म्हणत, त्या उजवीकडे वळत. मध्येच ते खोकत. "थांब, चष्मा कुठं ठेवला मी," असं म्हणत, आणि बाई धुक्यात गाडी थांबवून चष्मा सापडेपर्यंत थांबत, जरी तो कुठे सापडणार हे त्यांना पाठ झालं होतं. टँकरच्या वळणावर ते दर वेळी थोडं आधीपासून गप्प होत आणि मग हलकेच सांगत, "खरं डावं." बोलण्यासारखं दुसरं माणूस घरात नव्हतं. दिवसातून एवढंच कुणीतरी त्यांना काही सांगत होतं आणि त्या ऐकत होत्या.

महिन्यापूर्वी जुना कन्सोल तापून बंद पडायला लागला. केतकी दोन दिवस येऊन गेली. नवा घेतला, जुन्यातलं सगळं नव्यात चढवलं, जुना बदलीत दिला. जाताना म्हणाली, "आता रविवारी आपण दोघी खेळायचं. नवा गेम घेते तुझ्या वाढदिवसाला. तू इथून, मी तिथून."

नवा कन्सोल छान होता. पंखा वाजत नव्हता. पहिले काही दिवस बाईंना वाटलं, स्पीकर चांगला असेल म्हणून खोकला ऐकू येत नाही.

*

"म्हणजे बाबा सुधारले की!" फोनवर केतकी हसली. मग आई हसत नाहीये हे कळून ती थांबली. "आई, थांब. मला बघू दे."

तिनं बंगळुरूत बसून कन्सोलची सेटिंग उघडली आणि थोड्या वेळानं परत फोन केला. तिचा सूर बदलला होता.

"ते 'सार' चालू आहे."

"जेवणातलं?"

"नाही गं. जागा वाचवायची पद्धत आहे. चढवताना मशीननं विचारलं होतं, जागा वाचवू का म्हणून. मी हो म्हटलं."

'सार' काय आहे, हे ती सांगत गेली. गेम इतके मोठे झाले होते, की घाटातला दगड न् दगड साठवताना कितीही मोठा कन्सोल घेतला तरी वर्षभरात भरून जाई. चिप वाढवण्यापेक्षा कंपनीनं दुसरा मार्ग शोधला. प्रत्येक कन्सोलमध्ये आधीच एक मोठी जाण भरलेली असते. रस्ते कसे वळतात, माणसं कशी बोलतात, पाऊस पत्र्यावर कसा वाजतो, याची. मग जे त्या जाणिवेतून अंदाजानं सांगता येतं ते साठवायचंच कशाला? फक्त अंदाजाबाहेरचं तेवढं ठेवायचं. बाकीचं मागाल तेव्हा मशीन पुन्हा तयार करतं. सारातून पुन्हा पदार्थ व्हावा तसं.

"बाबांचा आवाज त्यानं ठेवला, अगदी बारीक खुणेसारखा," केतकी म्हणाली. "पण शब्द ठेवले नाहीत. नकाशावाल्याचं काम काय, तर वळण सांगायचं. वळण तर नकाशात आहेच. मग शब्द नकाशावरूनच तयार होतात. त्यांच्या आवाजात."

"आणि खोकला?"

"खोकल्याचा खेळाशी संबंध नाही ना आई. सार हळूहळू निघतं. खोकला आधी गेला, शब्द नंतर."

"चष्मा?"

केतकी सेटिंग पुन्हा चाळत राहिली. मग म्हणाली, "एक करता येईल. ते नेहमीच उलटं सांगायचे ना? नेहमीच उलटं असेल तर तो नियमच झाला. मी तो नियम घालून देते. या आवाजाला उजवं ते डावं, डावं ते उजवं. अगदी थोडी जागा लागते."

"कर," बाई म्हणाल्या. "कर बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आंबेनळी लावला. धुकं. "पुढं उजवं," मुरलीधर म्हणाले, आणि बाईंनी गाडी डावीकडे घेतली, आणि चाकांखाली रस्ता होता. त्या हसल्या. एकट्याच बसून मोठ्यानं हसल्या. वळणामागून वळण येत गेलं, ते उलटं सांगत होते, त्या सुलटं वळत होत्या, हात आपोआप चालत होते. घाट निम्मा झाला तेव्हा तर त्या त्यांच्याशी बोलायलाही लागल्या होत्या. "हळू सांगा की. पळतंय का कुठं?"

मग टँकरचं वळण आलं.

"पुढं उजवं," आवाज म्हणाला. आधीचीच पट्टी. तोच उत्साह. आधी गप्प होणं नाही, काही नाही.

गाडीनं डावं वळण बरोबर घेतलं. कठड्याला साधं खरचटलंही नाही. बाईंनी भर घाटात ब्रेक दाबला आणि तिथेच थांबल्या. धुक्यात इंजिन चालू होतं. "चल की," आवाज म्हणाला, कारण गाडी थांबली की जोडीदार असंच म्हणतात, याची मशीनला जाण होती. मुरलीधर आयुष्यात कधी बायकोला "चल की" म्हणाले नव्हते. ते थांबत.

*

कंपनीच्या पुण्याच्या दुरुस्ती केंद्रात फोन उचलला तो अल्ताफ मुजावर नावाच्या मुलानं. सुरुवातीला तो मॅडम म्हणत होता. बाईंनी सगळं सांगितल्यावर म्हणाला, "मावशी, मी कऱ्हाडचा. माझी आजी पण डावखुरी. तिला पण घरात असंच बोलायचे."

"मग तुला कळेल. माझं ते 'खरं' कुठं गेलं?"

"सार काढताना गेलं असणार. बघा, साधी चूक असेल, एकच, सारखी होणारी, तर तिचा नियम करता येतो. तुमच्या मुलीनं तेच केलं. पण माणूस कुठल्या वळणाला थांबेल, कुठं खोकेल, कुठला शब्द मधूनच घालेल, याचा अंदाज नाही लागत. माणसाच्या अशा गोष्टी ठेवायलाच सगळ्यात जास्त जागा लागते. म्हणून सार त्या आधी टाकतं."

"टाकलं म्हणजे कुठं टाकलं? जुना डबा तर तुम्ही नेलात."

"तो पुसून झाला असेल, मावशी. पण…" त्याच्या बोटांची टकटक ऐकू आली. "तुमच्या मुलीनं आधी मूळ नोंदी नव्यात उतरवल्या आणि मग सार निघालं. मूळ जागा 'मोकळी' म्हणून जाहीर झाली, पण मोकळी म्हणजे रिकामी नाही. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत खाली ते तसंच असतं."

बाई सरळ बसल्या. "म्हणजे आहे?"

"काही असेल. तुम्ही तेव्हापासून रोज खेळलात?"

"रोज."

"मग तेवढं लिहिलं गेलं असणार वर. प्रत्येक फेरी काहीतरी लिहिते." त्याला हे सांगायला आवडत नव्हतं, ते ऐकू येत होतं. "आता बंद करा. भिंतीतला प्लग काढा. मोठं काही चढवू नका, नवा गेम वगैरे तर अजिबात नको. आणि डबा इकडं पाठवा. प्रयोगशाळेत तुकडे काढतात. नंबर लागायला महिने लागतात, पण काढतात."

"आणि तुकडे आले की जोडायचे कसे?"

"मध्ये भगदाडं असतील ती मशीन भरतं."

"कसलं भरतं?"

"त्यांच्याच आवाजात. पटेल असं."

"मग मला कळणार कसं, कुठलं त्यांचं आणि कुठलं भरलेलं?"

"नाही कळणार, मावशी. कळू नये असंच भरतं ते. तेच त्याचं काम आहे."

बाईंनी उठून प्लग काढला. हिरवा दिवा विझायला वेळ लागला, तोवर त्या हात भिंतीला टेकवून उभ्या होत्या.

*

रविवारी संध्याकाळी केतकीचा फोन आला तेव्हा बाईंनी पोळ्या लाटायला घेतल्या होत्या, एकटीच्या, म्हणजे पीठ मुठीएवढं.

"आई, तुझा कन्सोल दिसत नाहीये. गेम कालच पाठवलाय मी. दोन तास झाले वाट बघतेय, चढतच नाही."

"बंद ठेवलाय."

"का?"

बाईंनी सांगितलं. आधी भराभर, मग अडखळत. नवा गेम चढला तर खालचं सगळं जाईल. पुण्याला पाठवायचा म्हणतेय. थोडे महिने.

"म्हणजे रविवारचं नाही आता आपलं?"

"थोडे महिने गं."

"आई, मी इथं एकटी बसून तुझी वाट बघते, माहीत आहे तुला? ऑफिसातून आले की सगळे आपापल्या खोलीत. रविवारी म्हटलं आई भेटेल. तुला माझ्याशी खेळायचं नाहीये. तुला त्यांच्याशी खेळायचंय."

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? हो, मी हो दाबलं. विचारलं, जागा वाचवू का, मी म्हटलं वाचव. मला काय माहीत, बाबा जागा खातात म्हणून! रोज तेच आठवतंय मला. माझेपण बाबा होते ते." आणि फोन बंद झाला.

तव्यावरची पोळी करपली. बाईंनी ती उतरवली, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला नाही. बाईंनीही केला नाही. दुपारी त्या भांडी आवरून सवयीनं पडद्यासमोर जाऊन बसल्या. काळ्या पडद्यात खोली दिसत होती, खुर्ची दिसत होती, खुर्चीत एक बाई दिसत होती. पलीकडची दुसरी खुर्चीही दिसत होती. तीन वर्षं ती रिकामीच होती, पण त्या बाजूला त्यांनी इतके दिवस बघितलं नव्हतं, कारण आवाज पुढून येत होता.

त्यांनी डोळे मिटून आंबेनळी चालवून बघितला, नुसता मनात. पहिलं वळण, दुसरं, चष्मा हरवला ते सपाट, खोकला, टँकर. सगळं होतं. कुठे 'खरं' येतं ते माहीत होतं, आणि त्याआधी ते किती वेळ गप्प बसतात तेही.

पुण्याहून डबा परत येईल तेव्हा त्यात आवाज असेल. तो खोकेलही कदाचित. टँकरच्या वळणावर "खरं" म्हणेलही. आणि बाई प्रत्येक शब्दाला कान लावून बसतील, हे तुमचं का मशीनचं, हे तुमचं का मशीनचं. ज्या माणसाचं त्या उलटं ऐकूनही डोळे झाकून वळत आल्या, त्याच्यावर त्या पहिल्यांदाच संशय घेतील.

आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूला, सातशे किलोमीटरवर, कुणीतरी खरोखरचं त्यांची वाट बघत बसलं होतं.

त्यांनी प्लग लावला.

हिरवा दिवा लागला. पडद्यावर केतकीनं पाठवलेल्या गेमचं चित्र होतं, एका भुयारातून वाहणारी नदी आणि त्यावर दोन माणसांची छोटी नाव. खाली अक्षरं : मोकळी जागा पूर्ण वापरावी लागेल. चढवायचा?

बाईंनी हो दाबलं.

पट्टी डावीकडून भरायला लागली, सावकाश. बाई तिथून उठल्या नाहीत. चहाची वेळ होऊन गेली, बाहेर भाजीवाला ओरडून गेला, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. पट्टी भरत होती आणि खाली काय पुसलं जातंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकदा त्यांचा हात कंट्रोलरकडे गेला. तिथेच थांबला. मग मागे आला.

भरून झाल्यावर त्यांनी केतकीला फोन लावला.

"ये," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."

"आज सोमवार आहे आई." मग थोड्या वेळानं, "तू चढवलास?"

"चढवला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आलेच. पाच मिनिटं. कपडे तरी बदलू दे."

*

भुयारात काळोख होता. वल्ही बाईंच्या हातात, मशाल आणि नकाशा केतकीकडे. नाव जिथं जाईल तिथला तेवढाच पाण्याचा तुकडा बाईंना दिसत होता. केतकी सुरुवातीला जपून बोलत होती, पाहुण्यांशी बोलावं तशी. "सरळ. अजून सरळ. आता जरा खडक येतील हं."

"आधी तरी सांग की."

"सांगतेच आहे ना. हळू वल्हव, कुणी पाठीमागं लागलेलं नाही."

प्रवाह वाढला. पाण्याचा आवाज भिंतींवर आपटून मोठा झाला. "आई, डावं!" केतकी एकदम ओरडली. "डावं, डावं!"

बाईंनी सगळा जोर लावून नाव उजवीकडे वळवली. खडक नावेच्या पोटात शिरला.

"आई! डावं म्हटलं ना मी!"

"कुणाचं डावं?" बाई म्हणाल्या.

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. नाव पाण्यात हळूहळू तिरकी होत होती. बाईंना वाटलं, आता ही पुन्हा फोन ठेवणार.

"खरं," केतकी अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "खरं डावं, आई."

दोघी पुन्हा पहिल्यापासून निघाल्या. आता केतकी प्रत्येक वळणाला "खरं" म्हणायला लागली. खरं उजवं. खरं डावं. खरं सरळ, असंसुद्धा एकदा म्हणाली, आणि बाई म्हणाल्या, "सरळ कधी खोटं असतं का गं?" जपून वापरायचा शब्द ती पोरगी उधळत चालली होती. बाईंनी तिला थांबवलं नाही. खडकाच्या जागेवरून नाव सुखरूप गेली. पुढे एका धबधब्यावरून खाली पडली, पण त्यात कुणाची चूक नव्हती.

"रविवारी परत?" केतकी म्हणाली.

"रविवारी."

तिचा आवाज बंद झाला. खोली एकदम शांत झाली, नव्या कन्सोलचा पंखासुद्धा वाजत नव्हता. पडद्यावर अक्षरं आली : आजचा खेळ साठवायचा? अनावश्यक शब्द वगळून सार ठेवल्यास अत्यल्प जागा लागेल.

बाईंनी दोन्ही पर्याय नीट वाचले. मग "ठेवू नका" दाबलं, कंट्रोलर खाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुधाची पिशवी फ्रीजमधून काढली. खणातली ती जड कात्री घेतली. मुरलीधर गेल्यापासून त्या पिशवी याच कात्रीनं कापत, आणि रोज प्लास्टिक पात्यांत नुसतं दुमडे, मग दातांनी फाडावं लागे. आज त्यांनी कात्री डाव्या हातात घेतली. बोटं नीट बसेनात. एकदा अंगठा निसटला. पुन्हा धरली.

"उजवा," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि कोपरा कापला गेला.